दुसऱ्या बाटलीतला सोडा

नाही नीराबाई, यंदा सुकट नको — ठेवू नको म्हणतो ना ओट्यावर! सहा वर्षं झाली तुझ्या मैनेला जाऊन, दर वर्षी टोपली भरून आणतेस, 'चांगदेवभाऊ, माझ्या पोरीचा हात धरून बसलास रं.' बसलो. कंपाउंडरनं नाही बसायचं तर कुणी? पण आज तू बस, सांगतोच तुला.

पटकीनं माणूस कशानं जातं? पाणी जातं म्हणून? तेवढंच नाही — रक्तातला सोडाही जातो. हो गं, असतो रक्तात सोडा, आपल्या खायच्या सोड्याच्याच जातीचा, आणि जोडीला थोडं आंबट. आंबट वाढलं तर सोडा त्याला गिळतो, खार वाढला तर ते आंबट त्याला आवरतं — दोघं मिळून रक्ताला हलू देत नाहीत. डॉक्टर बफर म्हणायचे त्याला. मैनेचा सोडा सगळा वाहून गेलेला — धापा टाकत होती ना, ती त्यानंच. म्हणून डॉक्टर म्हणाले, सलाईनमध्ये सोडा घाल. घातला. श्वास बसला तिचा, पेज मागितली — आठवतं? तुला नाही आठवणार तर कुणाला! मग दुसरी बाटली. तीही मीच केली.

आता रीत काय — मिठाचं पाणी आधी उकळायचं, निववायचं, मग सोडा. दुसऱ्या खेपेला मी सोडा घालूनच परत उकळलं. उकळलं की त्यातला वायू उडतो, मागं राहतो धुण्याचा सोडा — कपड्याचा गं! — तो जहाल खार गेला तिच्या शिरेत, आणि त्याला आवरायला रक्तात आंबटही पुरेसं उरलं नव्हतं. बोटं आत वळली तिची. मी ती सोडवत होतो, नीराबाई, आणि तू म्हणतेस हात धरून बसलास! तासाभरात गेली. उरलेल्या पाण्यात मी तपासायचा थेंब टाकला, जहाल खार असला की रंग चढतो तो — गर्द गुलाबी. वाळूत ओतलं. डॉक्टरांनी पटकी लिहिली, मी गप्प. अजून घरी सोडा उकळतो, थेंब टाकतो, वाटतं एकदा तरी रंग चढणार नाही. चढतोच.

काय? का उकळलं परत? साथ होती, सगळं उकळा म्हणून दवंडी — नाही, ते नाही. तू दारात उभी होतीस, म्हणालीस, 'भाऊ, पोरीच्या अंगात जायचं हाय, अजून एकदा उकळ' — आणि मला तुझ्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना —

नाही. नाही गं, तू तसं काही म्हणाली नाहीस. कुणीच काही म्हणालं नाही. माझंच डोकं — नीराबाई? इकडं बघ. हे मला सांगायचं नव्हतं. हे सोडून सगळं सांगायचं होतं.

जा आता. जा म्हणतो ना.