मांडीवरची सुई

(दवाखान्यातला बाक. आत चार वर्षांची गुंडी झोपली आहे. बाहेर तिची आई, म्हणजे आजोबांची लेक, आणि आजोबा.)

आजोबा : मी तिला काहीसुद्धा खायला दिलं नव्हतं गं. शप्पथ!

लेक : माहितेय, बाबा. शर्टाच्या खिशात काय आहे?

आजोबा : खिशात? चष्मा, मोजपट्टी... आणि हे...

लेक : शेंगदाण्याची टरफलं.

आजोबा : सकाळी फिरताना चार दाणे खाल्ले. तिला ॲलर्जी आहे म्हणून घरात आणतच नाही मी. चूळ भरली, साबणाने हात धुतले, मगच आत आलो. टरफलं रस्त्यावर कुठे टाकायची, म्हणून...

लेक : दुपारी ती तुमच्या अंगावर झोपली ना? झोपताना खिशाची कड चोखते ती.

आजोबा : अरे देवा! हा खिसा मीच शिवलाय गं.

लेक : ते माझ्याही हातून झालं असतं. माझा राग त्याचा नाही. तिचे ओठ सुजले, धाप लागली, तेव्हा ते औषधाच्या इंजेक्शनचं पेन कुठे होतं?

आजोबा : हातात.

लेक : मग?

आजोबा : मांडीला टेकवलं. पण दाबवेना. तशीच उचलली आणि इकडे धावत सुटलो.

लेक : आधी सुई, मग धावपळ! कितीदा सांगितलं होतं? डॉक्टर म्हणाले, आणखी जरा उशीर झाला असता तर... मला बोलवत नाही पुढचं.

आजोबा : जन्म गेला माझा सुईदोऱ्यात. बोटात सुई घुसली तरी मशीन थांबवलं नाही कधी. पण ते कापड गं. हिची मांडी केवढीशी!

लेक : (त्यांच्या हातातली टरफलं काढून घेते.)

आजोबा : मी जातो आपला उद्या माझ्या खोलीवर. तू पाळणाघर बघ एखादं.

लेक : तिथल्या बाईंचा हात कचरणार नाही कशावरून?

आजोबा : मघाशी तू मला आत येऊ दिलं नाहीस. कळतं मला.

लेक : हो, नाही दिलं. तुमच्याकडे बघितलं की तिचे सुजलेले ओठच दिसतात मला. खोटं कशाला बोलू? पण तिने डोळे उघडल्या उघडल्या तुमचीच चौकशी केली.

आजोबा : काय म्हणाली?

लेक : 'आजोबा खूप घाबरले का?'

आजोबा : घाबरलो गं, खूप.

लेक : डोळे पुसा. आणि हे धरा. सरावाचं पेन आहे, सुई नाही यात. नर्सबाईंकडून मागून आणलंय.

आजोबा : आत्ता? इथे? लोक बघतायत.

लेक : बघू देत. ही माझी मांडी. बाहेरच्या बाजूला टेकवा, अगदी कपड्यावरूनच. आता जोर लावा.

आजोबा : दाबवत नाहीये गं.

लेक : तरी दाबा.

आजोबा : ...हं. लागलं का गं?

लेक : लागू दे, बाबा. पुन्हा.