तिच्या बाजूचं दार

मंडळी, एक विचारते — गेलेल्या माणसाची आठवण जपायची म्हणजे काय करायचं हो? घट्ट बंद करून ठेवायची? ऐका तर!

वेंगुर्ल्याला दिगंबर नाबर म्हणून निवृत्त मास्तर. त्यांची जुनी निळी गाडी. समुद्र हाकेवर — खारा वारा लोखंडाला सोडतो का? पण मास्तर खमके! रोज गोड्या पाण्यानं धुणार, कोरडी पुसणार, खालून ऑइल फासणार. शेजारीण चिडवायची, "नाबरानू, गाडी धुतास की न्हाणयतास?" हसताय? तुमच्याही घरात असेल असा एक!

मग मास्तरांची बायको गेली. सुहासिनीबाई. मास्तर रडले नाहीत. लेक शलाका म्हणायची, "बाबा, आईबद्दल बोलूया ना जरा." — "काय बोलायचं? गाडी धुवायचीय."

आता बघा हं, गाडीच्या दाराला तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत झिरपलेलं पाणी तिथून निघून जातं. मास्तरांच्या मनानं घेतलं — इथूनच दमट हवा शिरणार, हिची सीट खराब होणार! घेतली लांबी — खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ना, ती — बुजवली भोकं! फक्त बाईंच्या बाजूच्या दाराची!

पावसाळा सरला. शलाका तान्ह्याला घेऊन माहेरी आली. "बाबा, याला घेऊन आजीच्या जागेवर बसते हं." दार ओढलं मात्र — तळाची पट्टी खळकन निखळली! तांबूस पाणी तिच्या पायांवर! वरून रंग तसाच चकचकीत — आत नुसता गंजाचा भुगा, मंडळी!

मास्तर गाडीभोवती फिरले. बाकीच्या दारांवर हात फिरवला. ठणठणीत!

"शलू... हेच दार मी सगळ्यांत जास्त जपलं गं."

तिनं लांबीचा गोळा उचलून बाजूला टाकला, बाबांना पायरीवर बसवलं. बाळ आजोबांच्या मांडीवर ठेवलं. मग मास्तर हळूच म्हणाले, "त्या शेवटच्या दिवशी मी औषध आणायला गेलो होतो तेव्हा... तुला काही म्हणाली का गं ती?"

आईचं ते शेवटचं बोलणं इतके दिवस एकटीनं सांभाळलेलं होतं हो पोरीनं! म्हणाली, "विचारत होती — ह्यांनी चहा घेतला का?"

तेव्हा रडले मास्तर. बाळाचं झबलं भिजलं!

ते दार काही वाचलं नाही, मंडळी. खोटं कशाला सांगू? पण उरलेल्या दारांची भोकं मास्तर आता काडी घालून मोकळी करतात, आणि शलाका शेजारी बसून आईचं काहीबाही सांगते.

तुमच्या घरात कोण गप्प बसलंय? आज जेवायला बसाल तेव्हा त्याच्यासमोर गेलेल्या माणसाचं नाव काढा. भाजी गार झाली तर होऊ द्या!