परत मिळालेल्या डिझाइनांच्या चोरीबाबत

मी, वर नाव-पत्ता नोंदलेली, वय ४१, धंदा भरतकामाची डिझाइनं बनवणे, राहणार सासरच्या कारखान्याचा वरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

खालच्या मजल्यावर भरतकामाचं यंत्र आहे. ते माझे यजमान व धाकटे दीर मिळून चालवतात. यंत्राच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मी लग्नानंतर आजवर बनवलेली सगळी डिझाइनं आहेत. कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला, म्हणून त्याच्या डिस्कची प्रत काढून नव्या डिस्कवर उतरवायचं ठरलं. हे काम दिरांनी अंगावर घेतलं. घरात कॉम्प्युटरमधलं त्यांनाच कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

सोमवारी सकाळी त्यांनी जुनी डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली व पेनड्राइव्ह लावला. त्यातलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करावं लागत नाही, थेट चालतं. मुख्य बटणं दोनच. 'रीड' दाबलं की डिस्कची प्रत फाइलमध्ये येते. 'राइट' दाबलं की फाइल डिस्कवर उतरते आणि आधीचं सगळं जातं. दिरांनी 'राइट' दाबलं. निवडलेली फाइल म्हणजे त्यांनी आदल्या दिवशी सरावासाठी काढलेली एका कोऱ्या डिस्कची प्रत होती.

पडद्यावर इशारा आला. मी तो मोठ्याने वाचला. "भाऊजी, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल म्हणतंय."

ते म्हणाले, "वहिनी, ते सगळ्यांनाच तसं विचारतं. तुम्ही जरा चहाचं बघा."

मी चहाचं बघितलं. तेवढ्यात डिस्क कोरी झाली. प्रत अगदी हुबेहूब उतरली, याबद्दल दिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

यंत्र सुरू होईना तेव्हा दिरांनी कपाळाला हात लावला. हातातली ऑर्डर अर्धवट होती. सासूबाईंनी मला विचारलं, "तू तिथेच होतीस ना? मग अडवलं का नाहीस त्याला?"

माझ्याकडे प्रत होती. कॉम्प्युटर पहिल्यांदा अडला त्याच आठवड्यात मी तेच सॉफ्टवेअर वापरून 'रीड' दाबलं होतं व प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. त्याला फार अक्कल लागली नाही. बटणावरचं वाचावं लागलं. मंगळवारी ती प्रत मी नव्या डिस्कवर उतरवली. यंत्र सुरू झालं. कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. दीर म्हणाले, "म्हणजे आमचा सगळा माल आधीपासून तुमच्याकडे होता? कोणाला विकणार होता?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते यंत्राला तेल घालत होते. तेल सकाळीच घालून झालं होतं.

प्रत का घेतली असं विचारल्यावरून सांगते की, डिझाइनं जाऊ नयेत म्हणून. यजमानांना कल्पना दिली होती का असं विचारल्यावरून सांगते की, दिली होती, जेवताना. ते "बरं केलंस" म्हणाले होते.

दिरांची चोरीची तक्रार मला दाखवण्यात आली. तिच्यावर साक्षीदार म्हणून यजमानांची सही आहे. सही त्यांचीच आहे, मी ओळखते. चोरीच्या मालावर कारखाना आजही चालू आहे. ऑर्डर वेळेत जाईल.

माझ्याकडची डिस्क मी इथे जमा केली आहे. आणखी प्रत आहे का असं विचारल्यावरून सांगते की, आहे, माझ्या बहिणीकडे. आजपासून मीही तिथेच राहणार आहे.

हे सगळं हवालदारांनी मला वाचून दाखवलं. "'यजमान'च राहू द्यायचं ना, बाई?" असं त्यांनी विचारलं. मी इथून पुढे 'साक्षीदार' लिहायला सांगितलं. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, आणि खरा आहे.