पायाचा दोष

(गॅरेज. व्हॅनचं बॉनेट उघडं. कामगार जेवायला गेले आहेत. मिस्त्री, सासू आणि सून.)

सासू : …तेच म्हणतेय मी. तीनदा आणली, तीनदा ‘एकदम ओके’ म्हणून परत दिलीस. तुझं ओके ऐकून कान किटले माझे.

मिस्त्री : काकू, आधी ब्रेकचे लायनर बदलले. मग मास्टर सिलिंडरची रबरं. मग पाइप साफ करून सगळं ब्रेक ऑइल नवीन भरलं. दरवेळी स्वतः चालवून बघितली. जागच्या जागी थांबायची.

सासू : तुझ्याकडे थांबते, माझ्या लेकाकडे थांबते. हिच्याच हातात गेली की थांबत नाही. दोष कुणाच्या पायात आहे, ते आणखी कुणी सांगायला हवं का?

सून : पॅडल दाबलं की पाय तळाला जातो, आई. खाली काही लागतच नाही. पहिल्या दिवसापासून सांगतेय.

सासू : सांगतेस खरी. शाळेच्या भिंतीवर गाडी घातलीस आणि शेजारी बसलेल्या तुझ्याच पोरीच्या कपाळाला टाके पडले, तेही सांग.

सून : भिंतीवर घातली म्हणून टाक्यांवर निभावलं. समोरून मुलं रस्ता ओलांडत होती.

मिस्त्री : वहिनी खोटं नाही बोलत, काकू. काल मी तुमचे गणवेश पोचवायला त्या जशा फिरतात तसा फिरलो. प्रत्येक शाळेपाशी थांबत, दुपारभर. शेवटी चाकं एवढी तापली की हात लावू देईनात, आणि पॅडल गेलं खाली. बाजूला उभी केली, गार झाली, परत ठणठणीत.

सासू : आणि आजवर?

मिस्त्री : आजवर गॅरेजला एक चक्कर मारायचो. तुमचा लेक कोपऱ्यापर्यंत जातो. एवढ्यात गाडी तापतच नाही. वहिनींच्याच हातात तापते.

सून : पण तापते कशाने?

मिस्त्री : रबरं फुगलीत. मीच घातलेली, नवीकोरी. त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नाही, घासत राहतो. घासून घासून आतलं ऑइल उकळतं, मग पॅडलखाली नुसती वाफ. आता ही बाटली बघा. तुमच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काढून ठेवलं होतं. खाली ब्रेक ऑइल, आणि वर हा थर. दुसरंच कसलं तरी तेल आहे, त्यानंच रबरं फुगतात. मी बदलतो, कुणीतरी परत ओततं. कुणाशी वाकडं आहे का तुमचं?

सून : आमच्याशी कोण वाकडं धरणार? कपडे शिवतो आणि पोचवतो.

सासू : आण इकडे ती बाटली.

मिस्त्री : हाताला लागेल, काकू.

सासू : हाताला लागू दे. वास घेऊ दे मला… मशीनचं तेल आहे हे. शिलाई मशीनचं.

सून : बाबा.

सासू : गप्प बस जरा.

सून : रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघतात. हातात तेलाची कुपी असतेच. कडीला, कात्रीला, पंख्याला, पोरीच्या सायकलला…

मिस्त्री : काका? त्यांचा तर जन्म गेला मशीनं दुरुस्त करण्यात.

सासू : शिलाईची. कोरडं राहिलं की झिजतं, एवढं त्यांना ठाऊक. हात कापायला लागले तेव्हा लेकानं सांगितलं, आता मशीनला हात लावू नका. मग राहिली ती कुपी. आमच्या घरात दार उघडल्याचा आवाज येत नाही, एवढं तेल पाजलंय दारांना.

मिस्त्री : मी सांगू का त्यांना? नीट समजावून?

सासू : खबरदार. नातीच्या कपाळाची पट्टी रोज तेच बदलतात. हात कापतो तरी दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. हे कळलं तर त्या हातानं घास उचलणार नाहीत.

मिस्त्री : पण उद्या परत ओततील.

सासू : म्हणून तुला विचारतेय. काय करतोस?

मिस्त्री : रबरं बदलतो, सगळी. टाकीच्या झाकणाला पट्टी मारून सील करतो आणि सांगतो, याला आता हात लावायचा नाही. पुढच्या काचेवर पाणी मारायची टाकी आहे, ती त्यांनी रोज भरावी. तिथे काही बिघडत नाही.

सासू : दे ते काम त्यांना. फार महत्त्वाचं आहे म्हणून सांग.

सून : आणि माझं काय, आई?

सासू : काय तुझं?

सून : माझ्या आईबाबांना बोलावून म्हणालात, तुमच्या मुलीच्या हातात पोर द्यायची भीती वाटते. चावी काढून घेतलीत. पोरगी परवा विचारत होती, तू मुद्दाम धडकवलीस का गं?

सासू : तिला कुणी शिकवलं हे?

सून : घरात जे बोललं जातं तेच तिच्या कानावर पडतं. बाबांना कळू नये, मलाही वाटतं. पण गाडीतच बिघाड होता असं नुसतं म्हटलं, तर ते विचारणार, कसला बिघाड? मशीनवाला माणूस, सोडणार नाहीत. मग परत माझाच पाय का?

सासू : नाही.

सून : मग काय सांगणार?

सासू : सांगेन, टाकी रिकामी दिसली आणि तेल ओतलं. मी.

मिस्त्री : काकू…

सासू : तू मधे पडू नकोस. अडाणी बाई, तिला काय कळतंय, कुणाला खोटं वाटेल? तुझ्या आईबाबांनाही बोलाव गं. त्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच परत घेते.

सून : मशीनचं तेल म्हणालात तर बाबांच्या लक्षात येईल.

सासू : गोडेतेल म्हणेन. मला वाट्टेल ते बोलतील. म्हणतील, ओतायचंच होतं तर माझ्या कुपीतलं तरी ओतायचं.

सून : पोरगी तुमच्याकडे तसं बघेल, आई.

सासू : बघू दे. माझ्याकडे सगळे वचकूनच बघतात, त्यात तिची भर. आईकडे तसं बघायला नको तिनं.

सून : तुम्ही कुणापुढे मान खाली घातलेली मी आजवर पाहिली नाही.

सासू : मग बघून घे. पुन्हा दिसायची नाही.

सून : पण बाबा विचारतील ना, बॉनेट उघडलंस कसं? तुम्ही तर कधी हातही लावलेला नाही त्याला.

सासू : …मिस्त्री, बंद कर ते. आणि आता कुठून उघडतात, मला दाखव.