खोटी नाणी मीच काढतो!

...अहो एक शब्द! एकच शब्द कापला हो त्या बाईनं, आणि माझ्या आख्ख्या नोकरीचं वाटोळं! तुम्हाला सांगतो, मी टांकसाळीत आहे. पट्ट्यावरून नवीकोरी नाणी धावत येतात, एखाद्याची कड वाकडी, छाप पुसट, की उचल आणि टाक बाजूला! असल्या नाण्याला आम्ही 'खोटं' म्हणतो. आख्खा कारखाना म्हणतो! पण सासूबाईंना हे काम वाटेल तेव्हा ना... "म्हणजे दिवसभर नुसतं बघतच बसता?" लग्नापासून हेच! चारचौघांत!

अशात त्या बाई आल्या, नाणी कशी बनतात त्यावर माहितीपट काढायला. धातू वितळवला, पत्रा लाटला, चकत्या पाडल्या, ठप्पे मारले, सगळं टिपलं, आणि शेवटी कॅमेरा माझ्यापुढे. "काका, तुमचं काम एका वाक्यात सांगा ना!" सांगितलं की, छाती काढून! "इथली सगळी खोटी नाणी मीच बाजूला काढतो!"

म्हटलं, आता सासूबाईंना दाखवतोच! माहितीपट टीव्हीवर लागायच्या दिवशी तडक सासर गाठलं. मेहुणा, त्याची बायको, शेजारचे निवृत्त फौजदार... आता फौजदारांना कुणी बोलावलं? मीच! हौस हो, दुसरं काय! सगळे टीव्हीसमोर, आणि पडद्यावर मी... हसतोय वर... "इथली सगळी खोटी नाणी मीच काढतो!"

'बाजूला' कुठे गेलं? अहो, 'बाजूला'! फौजदारांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मेहुणा म्हणतो, "भावजी, हे असं उघड सांगायचं?" मी तिथूनच बाईंना फोन लावला, तर त्या कशा गोड... "काका, छोटीशी फिल्म आहे हो, तो शब्द जरा लांबत होता!" लांबत होता? ते ठप्प्याचं यंत्र पडद्यावर मघापासून खडखडतंय, ते नाही लांबत? एक शब्द लांबतो?

बरं, सगळ्यांना समजावून सांगावं म्हणून तोंड उघडतोय, तोच सासूबाईंनी दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. म्हटलं, संपलं! तर डोळ्यांत पाणी, आणि आवाज इतका मऊ... "जावईबुवा, चुकले हो मी. इतकी वर्षं मी तुम्हाला अगदीच बावळट समजत होते!"

आता तुम्हीच सांगा, काय करणार होतो मी?... एक शब्द बोललो नाही!