चुकलेला टाका

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारची बाई मांडीवरच्या शर्टाला सुईनं काज करत होती. पलीकडचीनं विचारलं,

"मालकांचा हात कवा लुळा पडला?"

"रमजानात. टेलर हाईत ते. डॉक्टर म्हनालं, त्यांच्या म्होरं रोज काज करा. नुसतं बघूनबी मेंदूतली हाताची वाट जागी हुती."

"झाली?"

"दोन म्हैनं माझं टाकं नीट पडलं, ते गप बघत बसलं. परवा एक चुकला आन् त्यांचं बोट हाललं की!"

"ते कसं?"

"मला दुरुस्त कराया."

तेवढ्यात तिचे मालक, टेलर मास्तर, आतून आले. "फातिमा, तीस वर्सं झाली, अजून काज जमंना व्हय तुला?"

"कुठलं जमतंय," ती म्हणाली आणि तिनं सरळ आलेला टाका हळूच उसवला.