विहीणबाईंच्या लंगोटांना शाल

आजच्या सभेच्या अध्यक्ष मर्सीताई, हार घालून बसलेल्या माझ्या विहीणबाई रुक्मिणीबाई, गिरीजच्या महिला मंडळातल्या लेकी-सुना, आणि वड्यांच्या वासाने दाराशी थांबलेली पुरुषमंडळी, सर्वांना माझा नमस्कार. मला अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. तोंडाला येईल ते ऐका.

विहीणबाई उद्या नायगावला आपल्या घरी निघाल्या. माझी नात रेवा झाली तेव्हा आपल्या लेकीच्या, म्हणजे माझी सून पूर्वी हिच्या, मदतीला दोन महिन्यांसाठी आल्या, आठ महिने राहिल्या. जुनी सुती लुगडी फाडून लंगोट शिवले, चौदा घरांतले डायपर सोडवले. प्रवासाला एखादा, बाकी कापड. वाडीतला पाट डायपरांनी तुंबायचा, तो वाहू लागला. म्हणून आज शाल. छान झालं. मीही चार पोरं लंगोटांवरच वाढवली. मला कुणी सुपारी तरी दिली का?

खरं सांगते, माझा जळफळाट झाला. रेवा त्यांना बघून हसायची आणि माझ्या मांडीवर आली की ओली करायची. मग मी काय करावं? विहीणबाई आंघोळीला गेल्या की लंगोट सोडून गुपचूप डायपर बांधायची आणि सुनेला म्हणायची, "पूर्वी, बघ, माझ्याकडे पोर कशी कोरडी असते." तो डायपर घंटागाडीत टाकला तर चारचौघींत दिसणार. म्हणून केळीच्या बुंध्याशी पुरायची. आपण केळीला काय घालत नाही? शेण, पालापाचोळा, मासळी धुतलेलं पाणी, सगळं खाते बिचारी.

हे नाही खाल्लं. गेल्या महिन्यात विहीणबाई दुसरीकडे लावायला केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा काढत होत्या, तर कुदळीला एकेक अख्खा डायपर लागला. पाणी पिऊन कोबीच्या गड्ड्याएवढा फुगलेला. मला हाक मारून म्हणाल्या, "कृष्णाबाई, ही कुठली नवी लागवड?"

तेवढ्यात माझा मुलगा धवल आला. त्याला म्हणाल्या, "जावईबापू, कुत्र्यांनी ओढून आणलं असेल हो."

बाई खोटंही माझ्यापेक्षा चांगलं बोलते. हे कसं सहन व्हावं?

पूर्वी, सोमवारपासून तू कामावर जाणार. रेवाला आईकडे नायगावला ठेवायचं की माझ्याकडे, ते आज ठरवणार आहेस. काल तुझी आई म्हणाली, "कृष्णाबाईंकडेच राहू दे." त्यांना सगळं ठाऊक होतं, तुला नव्हतं. आता आहे. विहीणबाईंनी झाकून घेतलं म्हणून मिळालेली नात मला नको. तू उघड्या डोळ्यांनी दिलीस तर घेईन, आणि लंगोट मीच धुवीन.

मर्सीताईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. शब्द वाकडा गेला असेल तर म्हातारीचा म्हणून सोडून द्या. मी बसते. रेवा आत्ता कुणाच्या मांडीवर आहे, तिकडे मी बघत नाही.